डाव्या हातमोज्यांचा ढीग

सोमवार, ८ जानेवारी १९७९

मोघे सरांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं: उद्योजकाने रोजच्या रोज लिहिलं पाहिजे. काय केलं, काय चुकलं, मनात काय आलं, सगळं. कोणाला दाखवायचं नाही, म्हणजे खोटं लिहायची गरज पडत नाही. घ्या! शाळेत मला निबंध कधी धड जमला नाही, आणि आता चाळिशी उलटल्यावर ही दैनंदिनी.

तर आजपासून लघुउद्योजक प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. चिंचवडला एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये, सोम-बुध-शुक्र, संध्याकाळी. कोणी नटबोल्टवाला, कोणी रबराच्या वॉशरवाला, एक बेकरीवाले. छोट्या धंद्याचा मोठा कसा करायचा हे तीन महिन्यांत शिकवणार. प्रत्येकाने उभं राहून ओळख करून द्यायची होती. मी म्हणालो, "सुरेंद्र खरवंडीकर. कारखान्यांसाठी हातमोजे बनवतो." म्हणताना जीभ जराशी अडखळली. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत मी कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो. आमचा विभाग बंद केला आणि सगळ्यांना हात जोडून घरी पाठवलं. हातमोजे चित्रा बनवते, गेली चार वर्षं. पण आता 'बनवतो' म्हणायला काय हरकत आहे? नवरा-बायकोत कसलं आलंय तुझं-माझं!

खरं तर वर्गाचा अर्ज तिनेच भरला होता, निवडीचं पत्रही तिच्याच नावाने आलं. पण पत्र वाचून म्हणाली, "अहो, तुम्हीच जा. मला संध्याकाळी जमायचं नाही, आणि ते तक्तेबिक्ते माझ्या डोक्यात शिरायचे नाहीत." स्वतः जाऊन सरांना तसं सांगूनही आली. आपल्याला व्यवहारातलं फार कळत नाही हे तिचं तिला ठाऊक आहे, हा तिचा मोठा गुण.

आज पाच महिन्यांनी मी इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडलो. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

शुक्रवार, १२ जानेवारी

आज सरांनी विचारलं, तुमच्याकडे काम कसं चालतं ते सांगा. मी सांगितलं आणि सगळे हसले. हसण्यासारखंच आहे. चित्रा घरी जाड कॅनव्हास बेतते. बायका येऊन तुकडे घेऊन जातात, आपापल्या घरी, आपापल्या मशीनवर अख्खा मोजा शिवतात, डावा-उजवा दोऱ्याने जोडीने बांधतात, आणि शनिवारी दुपारी आणून देतात. मग आमच्या स्वयंपाकघरात चहा. तो चहा दोन तास चालतो. कोणाच्या सुनेला कितवा महिना, कोणाच्या नळाला पाणी नाही, कोणाच्या नवऱ्याला रात्रपाळी. निम्म्या बायका आमच्या कॉलनीतल्या, निम्म्या कासारवाडीच्या झोपडपट्टीतल्या. त्या मूळच्या निघोज्याच्या, सगळ्या एकमेकींच्या जावा-नणंदा. चिमाबाई त्यांची म्होरकी.

मोघे सर म्हणाले, "हा धंदा नाही, ही भिशी आहे." काय हशा पिकला! मीही हसलो. मग जाताना सरांनी हळूच विचारलं, "मिसेस कधी येणार का वर्गाला? अर्जातली माहिती फार नेटकी लिहिली होती हो त्यांनी." सभ्य माणूस आहे.

सोमवार, २२ जानेवारी

श्रमविभागणी! डोळे उघडले आज. अख्खा मोजा एकीनेच शिवायचा म्हणजे शुद्ध वेळेचा अपव्यय. एका हाताला एकच काम दिलं की हात यंत्रासारखा चालतो. सरांनी फळ्यावर चौकोन काढून दाखवलं. मी घरी येईपर्यंत माझा आराखडा मनात तयार होता: एक शेड घ्यायची, बायकांना तिथे बोलवायचं, दोन रांगा. एक रांग फक्त डावे मोजे शिवेल, दुसरी फक्त उजवे. बेतलेले तुकडे पालटायला नकोत, हाताला वळण एकच.

चित्राला कागदावर काढून दाखवलं. "बायकांना घर सोडून यायला जमेल का?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, कारखान्यात पुरुष येतात तसंच. मग म्हणाली, "तुम्हाला पटतंय ना? मग करा." ती अशी सरळ वागते म्हणून आमचं बरं चाललंय.

शनिवार, ३ फेब्रुवारी

शेड मिळाली, चिंचवड स्टेशनच्या मागे, पत्र्याची. चित्राने आपल्या दोन बांगड्या मोडल्या, ते मी लिहिणार नव्हतो, पण लिहिलं. पाय-मशीनं आली. आणि मोठी बातमी: भोसरीच्या एका फोर्जिंग कारखान्याची ऑर्डर मिळाली! पहिला माल फेब्रुवारीअखेर द्यायचा. तो पसंत पडला की वर्षभराचं काम कायमचं. नाही पडला तर शेड, मशीनं, बांगड्या, सगळं गंगार्पण. तिथला स्टोअर-अधिकारी मला ओळखत होता, आम्ही एकाच काळात स्टोअरमध्ये होतो. "काय खरवंडीकर, मालक झालात!" म्हणाला. कानाला फार गोड लागलं. च्यायला, किती दिवसांनी कोणी मला काहीतरी 'झालात' म्हणालं.

चित्राला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचंच असणार.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

शेडचा पहिला दिवस. बसण्यावरून थोडी कटकट. कासारवाडीच्या बायका एकमेकींना सोडून बसायला तयार नाहीत. म्हणून मी सोपं केलं: त्यांची अख्खी रांग उजव्या मोज्यांची, कॉलनीतल्या बायकांची रांग डाव्यांची.

चित्रा बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, एका रांगेत सगळ्या एकाच गावच्या नकोत. मिसळून बसवा. आणि प्रत्येकीला जोडी शिवू द्या. उद्या एकीच्या घरी काही झालं तर सगळ्या जातील."

मी म्हटलं, "सर सांगतात, धंद्यात 'उद्या काही झालं तर' म्हणत बसणारा माणूस कायम लहान राहतो." हे वाक्य सरांचं नव्हतं, माझंच होतं. पण चांगलं होतं. ती मशीनला तेल घालायला गेली.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

काम झपाट्याने चाललंय! डाव्या मोज्यांचा ढीग बघून छाती फुगते. उजव्यांचा जरा कमी.

वर्गात 'अनुत्पादक वेळ' झाला. म्हणजे कामाच्या तासांत जो वेळ काम न करता जातो तो. सरांनी वर्गातलं स्टॉपवॉच दोन दिवस घरी न्यायला दिलं. मी आज दिवसभर एकेकीच्या मशीनशेजारी उभा राहून मोजलं. सगळ्यात हळू कस्तुरा. चिमाबाईची धाकटी जाऊ. वारंवार उठते, मागच्या दाराशी जाते, परत येते. विचारलं तर पदर तोंडाला लावून बसली. चित्राला विचारलं तर म्हणाली, "तिला दिवस गेलेत हो. तिसऱ्यांदा. आधीची दोन राहिली नाहीत. घरी शिवायची तेव्हा मध्ये मध्ये आडवी होऊन शिवायची बिचारी." मग हे आधी का नाही सांगितलं? माहिती वेळेवर मिळाली नाही तर व्यवस्थापन काय कपाळ करणार?

पण मोजमाप ते मोजमाप. मनाचा मोठेपणा आपल्या जागी.

मंगळवार, २० फेब्रुवारी

सरांच्या सांगण्यावरून शेडमध्ये फलक लावला. प्रत्येकीचं नाव, समोर कालचे मोजे. सगळ्यात वरची हिरव्या खडूने, सगळ्यात खालची लाल. यातून निरोगी चुरस निर्माण होते.

बायका खूश! शाळेत गेल्यासारखं वाटतंय म्हणाल्या. वाचता येणाऱ्या दोघीतिघीच, बाकीच्या विचारत होत्या, माझं कुठलं, माझं कुठलं. कस्तुरानेही विचारलं. मी दाखवलं. "लाल हाय ते?" म्हणाली. "छान दिसतंया. लालच का वो?" मी सांगितलं, लाल म्हणजे सगळ्यात कमी. परत एकदा फलकाकडे बघितलं, मग हसली. सगळ्याच हसल्या. मला वाटलं होतं वाईट वाटेल, पण खेड्यातली माणसं मोकळी असतात, खिलाडूपणे घेतात.

चित्रा हसली नाही. ती आजकाल फारच गंभीर झालीय.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

काल कस्तुरा आली नाही. आज कासारवाडीची एकही बाई आली नाही.

एकही नाही! उजवी रांग सगळी रिकामी. डाव्या रांगेतल्या बायका माना खाली घालून डावे मोजे शिवतायत आणि मी दारात उभा. त्यांना थांबवू की नको हेही सुचेना. सुचेपर्यंत दुपार झाली, तोवर ढीग आणखी वाढला. चित्राने येऊन मशीनं बंद करायला लावली.

मी म्हटलं, उद्या येतील. रुसल्या असतील कशावर तरी.

शनिवार, २४ फेब्रुवारी

नाही आल्या.

डाव्या रांगेतल्या बायकांना उजवे शिवायला सांगितलं. अगदी सोपं, उलट दिशेने जायचं, बास. पण तीन आठवडे एकाच वळणाने हात चाललेला. अंगठा चुकीच्या जागी, तळव्याचा दुहेरी तुकडा पाठीवर. छबूबाई रडायलाच लागली. "अहो, जोडी शिवत होतो तेव्हा येत होतं सगळं," म्हणाली. मला तिच्यावर ओरडायचं नव्हतं. ओरडलो.

मग मला एक युक्ती सुचली. डावा मोजा आतून बाहेर उलटा केला की उजवा होतो! मी चांगले वीसेक उलटे करून चित्रापुढे ठेवले. तिने हातात घातला. सगळ्या शिवणी बाहेर आलेल्या, दोरे लोंबत होते. म्हणाली, "एखाद्याचा दोरा मशीनमध्ये अडकला तर बोटासकट जाईल. कंपनीत होतात ना तुम्ही?" शांतपणे म्हणाली. मला कानफटात बसल्यासारखं झालं.

सोमवार, २६ फेब्रुवारी

भोसरीला जाऊन आलो. हातापाया पडून दहा मार्चपर्यंत मुदत वाढवून घेतली. स्टोअर-अधिकारी हसत म्हणाला, "एका हाताने काम करणारे कामगार मिळाले तर कळवतो." मीही हसलो. बाहेर येऊन सायकल हातात धरून चालतच निघालो.

संध्याकाळी वर्ग संपल्यावर मोघे सरांना एकट्याला गाठलं. सगळं सांगितलं. सरांनी चष्मा पुसला, परत पुसला. "असं आहे खरवंडीकर, तत्त्व बरोबरच होतं," म्हणाले. मी विचारलं, मग आता करू काय? सर म्हणाले, "मनुष्यसंबंध हा विषय पुढच्या महिन्यात आहे." त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण तेही काय करणार? मग म्हणाले, "मिसेसना विचारून बघा ना." हे ते तिसऱ्यांदा म्हणतायत.

बुधवार, २८ फेब्रुवारी

वर्गाला गेलो नाही.

डाव्या रांगेला सध्या घरी पाठवलंय; चित्रा सकाळपासून शेडमध्ये एकटी बसून उजवे मोजे शिवतेय. एकटीने इतके होणार आहेत का कधी? मी तिला गणित करून सांगितलं. ऐकत नाही. बोटांना चिंध्या बांधल्यात. म्हटलं, "तू कासारवाडीला जाऊन का येत नाहीस? तुझं ऐकतील त्या." म्हणाली, "जाऊन आले कालच."

"मग?"

"नाही म्हणाल्या."

"का पण? काय हवंय त्यांना? फलक काढून टाकलाय मी. मजुरी वाढवून हवी आहे का?"

"काही नकोय त्यांना," म्हणाली आणि पाय चालवायला लागली. माझं डोकं सणकलं. इथे घर बुडायची वेळ आली आणि ही धड उत्तर देत नाही! तिच्या त्या बायकांपुढे तिचंही काही चालत नाही, हेच खरं.

मी नुसता बसून राहिलो तिच्यासमोर. मला साधी सरळ शिवण घालता येत नाही.

शुक्रवार, २ मार्च

आज चित्राला न सांगता मीच कासारवाडीला गेलो.

रेल्वे रुळाच्या कडेने त्यांची वस्ती. चिमाबाईने बाजेवर गोधडी टाकली, बसा म्हणाली, चहा टाकला. आदरातिथ्यात तसूभर कमी नाही. कस्तुरा आत भिंतीला टेकून बसली होती, मेथी निवडत. मी ठरवूनच गेलो होतो. म्हणालो, "कस्तुराबाई, माझं चुकलं."

ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं, भाऊ? मीच हळू हाय." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी चिमाबाईला म्हटलं, तुम्ही सांगाल ते करतो. घरी घेऊन जा शिवायला, पूर्वीसारखं. जोड्या शिवा. शेडमध्ये यायचं तर या, हव्या त्या वेळी या. पण हा माल तेवढा काढून द्या, नाहीतर चित्राचं सगळं जाईल. हे बोलताना मी पहिल्यांदाच 'चित्राचं' म्हणालो असेन.

चिमाबाईने पदर सावरला. "व्हय, जाईल की. आमालाबी कळतंय. आमी यायला तयार हाय, भाऊ. उद्या म्हनलं तर उद्या. समद्या जनी बसून दहा तारखेच्या आत काढून देऊ. पन तुमी तिथं नसावं."

"म्हणजे?"

"म्हंजी शेडात तुमी नसावं. तुमी मागं हुबं ऱ्हायलात की बायांचे हात थरथरत्यात. तुमी वाईट न्हाई, आमी तसं म्हनत न्हाई. पन न्हाई चालत हात."

मी म्हटलं, एवढंच? मग हे चित्राला का नाही सांगितलंत?

चिमाबाई माझ्याकडे बघतच राहिली. "सांगितलं की मंगळवारी. वैनी हितंच बसल्या व्हत्या, तुमी बसलाय तितं. म्हनल्या, 'चिमाबाई, त्यांना कंपनीनं एकदा घरी बसवलंय. मी दुसऱ्यांदा न्हाई बसवनार. आर्डर जाऊ द्या.'"

चहा कधी संपवला आठवत नाही. परत येताना स्टेशनापर्यंत कुठल्या रस्त्याने आलो तेही आठवत नाही. शेडच्या दाराशी आलो तर आत ती एकटीच, पाठमोरी, उजवा मोजा शिवत होती. मी आत गेलो नाही. तसाच घरी गेलो.

शनिवार, ३ मार्च

सकाळी चहा पिताना चित्राला म्हणालो, "काल सरांशी बोललो. ते म्हणतात, मालकाने शेडमध्ये बसून राहणं ही मोठी चूक आहे. मालकाने बाहेर फिरलं पाहिजे, ऑर्डरी आणल्या पाहिजेत. आतलं काम घरच्या माणसावर सोपवायचं."

तिने कप खाली ठेवला. "सर असं म्हणाले?"

"हो. परवापासून मी सकाळी निघत जाईन. भोसरी, आकुर्डी, पार देहूरोडपर्यंत कारखाने पडलेत. शेडकडे तूच बघ. कासारवाडीला निरोप पाठव, येतील बहुतेक."

किती वेळ ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता विचारणार, काल तुम्ही वर्गाला गेलात कुठे, संध्याकाळी तर घरीच होतात. विचारलं नाही. "सर म्हणतायत तर मग तसंच करायला हवं," म्हणाली. उठून आत गेली, आणि बराच वेळ मोरीत पाणी वाजत राहिलं.

सोमवार, ५ मार्च

इस्त्रीचा शर्ट घातला. चित्राने डबा दिला. कॉलनीच्या कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघणारे जुने सोबती भेटले. कोंडीराम म्हणाला, "काय राव, धंदा जोरात दिसतोय!" म्हटलं, जोरात.

स्टेशनमागच्या रस्त्यावर शेडच्या अलीकडे, टपरीआड थांबलो. कासारवाडीच्या बायका आल्या. सगळ्या. कस्तुरासुद्धा, सगळ्यात मागे, हळूहळू चालत. दारात चित्राने तिला हाताला धरून आत घेतलं. मग मशीनं सुरू झाली. आधी एक, मग दोन-चार, मग सगळी. हसण्याचा आवाजही आला. मी असताना त्या शेडमध्ये असं कोणी हसलेलं मला आठवत नाही.

मग मी निघालो. भोसरीची बस आली, ती सोडली. आकुर्डीची आली, तीही सोडली. तिथे जाऊन मी सांगणार काय होतो? मला येतं काय? स्टोअरमध्ये माल कुठल्या फळीवर आहे हे मला येत होतं, आणि ते स्टोअर आता नाही. आज वर्ग आहे, पण सरांसमोर जायची हिंमत नाही. शेवटी पवनेच्या घाटावर जाऊन बसलो. तिथे झाडबीड काही नाही. डबा तिथेच खाल्ला.

दिवेलागणीला घरी आलो. चित्राची बोटं सुजलेली, पण चेहरा किती महिन्यांनी सैल झालेला. म्हणाली, "दहाच्या आधीच होईल माल. जोड्याच बांधतोय आता." मग विचारलं, "तुमचं काय झालं?"

"एक-दोन ठिकाणी बोलणं झालंय. बघू."

"छान," म्हणाली. कणकेचा डबा काढला. "उद्या डब्यात पोळी देऊ की भाकरी?"

म्हटलं, काहीही चालेल.

"पोळीच देते," म्हणाली, माझ्याकडे न बघता. "उन्हात भाकरी कडक होते."

मी बरं म्हणालो.